मी सील केलेलं कपाट

मंडळी, आज सकाळी बायकोनं माझा हात रक्त निघेपर्यंत चावला. कॅन्सर हाडांत उतरलाय तिच्या. दुपारी सिस्टर आल्या, मॉर्फिनची गोळी दिली. तासाभरात ती झोपली. मी मात्र हाताकडं बघत बसलोय.

नामांतराच्या त्या वर्षांत मी परभणी जिल्ह्यात औषध निरीक्षक होतो. पूर्णेच्या एका डॉक्टरांच्या रजिस्टरात एक सही राहिली होती, म्हणून मी त्यांचं मॉर्फिनचं कपाट सील केलं. आईचं औषध न्यायला एक मेंढपाळ आला होता. मेंढरांसाठी पाला तोडायची कुऱ्हाड त्याच्या खांद्यावरच होती.

"सायेब, माय वरडायलीय माझी. तुमची सही पाजू का तिला?"

पहिला घाव त्यानं कुलपावर घातला. मी आडवा गेलो, तर कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यात बसला. हाड मोडलं. पोलिसांनी त्याला माझ्यादेखत तुडवलं. मी 'थांबा' म्हणालो नाही. त्याची माय दोन दिवस ओरडून गेली. तोंडात चावून चिंध्या झालेला गोधडीचा बोळा होता म्हणे.

नियम मी पाळला होता. पण खरं सांगा, आज सिस्टर आल्या नसत्या, तर कुऱ्हाड मीच उचलली असती ना?