भिंतीपलीकडचे चार लूम

माझे सासरे कॅन्सरने गेले, ती नव्वद सालानंतरची गोष्ट. ते ओरडत गेले नाहीत, एवढंच मला सांगायचं आहे. ते कसं जमलं हे सांगायला मात्र थोडा वेळ लागेल.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते जॉबर होते. भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगते, लूम म्हणजे यंत्रमाग, तो बिघडला की जो दुरुस्त करतो तो जॉबर. कारखाना शेठचा असला तरी बंद पडलेल्या लूमपुढे जॉबर म्हणेल ते खरं. आबांनी तीस वर्षं हे काम केलं आणि तीस वर्षं उजव्या गालात तंबाखू धरली. गाठ तिथेच आली.

आमचं घर आणि आबा काम करायचे तो कारखाना यांच्यात एकच भिंत होती. पलीकडे बारा लूम, त्यातले चार अगदी भिंतीला लागून. लग्न होऊन आले तेव्हा पंधरा दिवस माझं डोकं भणभणत होतं. नंतर आवाज ऐकू येईनासा झाला. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची, त्या दिवशी घरातले सगळे उगाच मोठ्याने बोलत आणि मग एकमेकांना गप्प करत.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सहा महिने हेलपाटे घातल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. जे मागतील ते खायला घाला." आबांचं तोंड तेव्हा दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. डॉक्टरांपुढे लांब रांग होती, म्हणून मी आबांना हाताला धरून बाहेर आणलं.

घरी आल्यावर एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. सासूबाई बाहेर पापड वाळत घालत होत्या. आबा जड जिभेने म्हणाले, "सूनबाई, माझा थोरला भाऊ खारबावला असाच गेला. तीन महिने वरडत व्हता. टेशनात गाडीची वाट बघणाऱ्यांना ऐकू जायचा. मला तसं न्हाय जायचं."

"नाही जाणार," मी म्हटलं.

कसं, ते मला माहीत नव्हतं. मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. माहीत नसतानाही ठाम बोलायची सवय होती. पण शब्द दिला तो दिला.

दवाखान्यातल्या समाजसेविकेने एका चिठ्ठीवर एका संस्थेचा पत्ता लिहून दिला होता. जिथे इलाज संपतो तिथे यांचं काम सुरू होतं, असं ती म्हणाली होती. हॉस्पिस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरी विषय काढला तेव्हा सासूबाई कडाडल्या, "तिथं माणसं मरायला टाकतात. हा माणूस माझ्या दारातून जाईल." नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील? बापाला टाकून आला?" मी दोघांशी वाद घातला नाही. शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. शाळेतून परस्पर एसटी पकडली आणि गेले.

तिथे एका सिस्टरने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांना कुठे राहायचंय?"

"घरी."

"मग आम्हीच येतो की."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. दर मंगळवारी त्यांची गाडी ठाणे-कल्याण करत भिवंडीत यायची. पहिल्या मंगळवारी नवरा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, गाडी तिथेच थांबवावी म्हणून. गल्लीत तोवर कुजबुज सुरू झाली होती. कॅन्सर लागतो, असं कुणी तरी म्हणालं होतं आणि शेजारच्या मुली माझ्या मुलीशी खेळायला येईनाशा झाल्या होत्या. सिस्टरने हे माझ्याकडून ऐकलं. मग आत येऊन ती सरळ आबांच्या खाटेवर बसली, खिडकी पूर्ण उघडायला लावली आणि खिडकीतून डोकावणाऱ्यांना नीट दिसेल असा सावकाश चहा प्यायली. पुढच्या आठवड्यात मुली खेळायला आल्या.

तिने आधी वासाचा बंदोबस्त केला. जखमेला वास यायचा, तो मी इतके दिवस नाव न घेता सहन करत होते. तिने एक गोळी कुटून तिची पूड जखमेवर कशी घालायची ते दाखवलं. चौथ्या दिवशी वास गेला. नवरा आबांच्या खोलीत बसून जेवायला लागला, तेव्हा मला कळलं की इतके दिवस तो तिथे का बसत नव्हता.

दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, पाण्यात विरघळवून चमच्याने. त्याबरोबर पोट साफ राहायचं औषध, ते विसरायचं नाही. मी शाळेत असताना गोळी द्यायचं काम सासूबाईंकडे होतं. दोन दिवसांत आबा दुपारी कण्हायला लागले. मी डबे तपासले तर तांदळाच्या डब्यात, कागदाच्या पुडीत, चार गोळ्या.

"आई, हे काय?"

"जास्त दुखंल तवा लागतील. आताच संपवल्या तर मग काय देशील?"

मंगळवारी सिस्टरला हे सांगितलं. तिने आबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही लूमला तेल कधी घालता? अडकल्यावर?"

आबांनी बायकोकडे असं काही पाहिलं की मी तोंड फिरवून हसले. अडत अडत म्हणाले, "अडकल्यावर तेल घालणारा जॉबर नसतो, गाढव असतो."

सासूबाई म्हणाल्या, "मला गाढव बोलला, म्हणजे बरा हाय." पण त्या दिवसापासून घड्याळाचा काटा त्यांनी स्वतः सांभाळला. दोनाची गोळी दोनाला पाच कमी असताना चमच्यात तयार असायची.

महिना बरा गेला. आबा कण्हत नव्हते. मी वर्गात फळ्यावर लिहिताना निम्मं लक्ष घराकडे असायचं, ते हळूहळू वर्गात यायला लागलं.

मग आम्ही एक चूक केली, आणि ती प्रेमाने केली.

आबांना शांत झोप मिळावी म्हणून नवरा शेठकडे गेला. शेठ आमच्या गल्लीतले जुने कारखानदार, कोकणी मुसलमान, घर पिढ्यान्‌पिढ्या इथलं. त्यांनी आबांना कधी नावाने हाक मारली नाही, उस्तादच म्हणायचे. नवऱ्याने भिंतीलगतचे चार लूम थोडे दिवस बंद ठेवाल का, असं विचारलं. शेठ म्हणाले, "चार का? सहा बंद करतो. उस्तादपेक्षा कापड मोठं नाही." आणि त्याच शिफ्टला त्यांनी लूम बंद केले. त्यांचं नुकसान होतं, पण त्यांनी ते तोंडातून काढलं नाही.

भिंत गप्प झाली. आम्ही पाय न वाजवता चालायला लागलो, कुकरची शिट्टी काढून ठेवली.

आणि आबा बिघडले. झोप गेली. चादर ओढायचे, भिंतीकडे बघायचे, उठून बसायचा प्रयत्न करायचे. बोलणं तोवर पूर्ण बंद झालं होतं, घशातून नुसता आवाज यायचा. आज मोठा, उद्या त्याहून मोठा. सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी येडे झाले. बंद करा." नवरा म्हणाला, "परत दवाखान्यात नेऊ. नळ्या घालतील, काही तरी करतील." मी खारबावचं स्टेशन डोळ्यांपुढे आणत बसले. मी दिलेला शब्द मोडत होता आणि तो का मोडतोय हे मला कळत नव्हतं. दुखणं वाढलं, आता असंच होणार, असंच मी धरून चालले. नवऱ्याला म्हटलं, मंगळवारपर्यंत थांब, मग ने.

मंगळवारी सिस्टर आली. आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो, तर ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा. टीचर, तुम्ही या, पाटी घेऊन."

मी माझ्या मुलीची पाटी आणली. सिस्टरने जखम बघितली, पोट दाबून बघितलं. मग पाटी आबांच्या हातात देऊन विचारलं, "आजोबा, काय होतंय?"

इतक्या दिवसांत आम्ही सगळे त्यांच्याविषयी बोललो होतो. त्यांना विचारलं कुणीच नव्हतं. मीही नाही.

आबा चौथी शिकलेले. वाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: लूम बंद का. आणि खाली: शेठ बुडाला का.

मी बाहेर जाऊन दोघांना पाटी दाखवली. नवरा मटकन ओट्यावर बसला. सासूबाई म्हणाल्या, "अरे देवा! मेला स्वतः मरायला टेकलाय आन काळजी कारखान्याची." डोळ्यांना पदर लावला, पण लगेच म्हणाल्या, "जा की रं, बसतोस काय? चालू करायला सांग."

सिस्टर म्हणाली, "गोळी वाढवायची की नाही ते नंतर बघू. आधी लूम."

दहा मिनिटांत एकेक करून लूम सुरू झाले. मांडणीवरची भांडी नेहमीसारखी किणकिणायला लागली. आबांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोपले. पण कपाळाला आठी होती. त्यांनी एक बोट वर केलं, मग पाटी मागितली. लिहिलं: तीन नंबर. धोटा अडतो. लूममध्ये आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा.

मी खिडकीतून कारखान्यातल्या कामगाराला हाक मारली, "भैया, बाबा बोल रहे हैं तीन नंबर देखो, धोटा अटक रहा है."

"टीचर, अभी तो चालू किया है. बाबा लेटे-लेटे क्या देखेंगे?"

"देखो तो सही."

तीन नंबर थांबला. पलीकडे ठोकाठोक झाली. मग खिडकीत त्या कामगाराचं तोंड आलं, कपाळावर कापसाची धूळ. "बाबा, सही पकड़ा! आप तो लेटे-लेटे हमारी नौकरी खा जाओगे."

आबांचा खांदा हलला. ते हसत होते. तीन नंबर नीट चालू झाला आणि ते संध्याकाळपर्यंत झोपले. सिस्टरने गोळी वाढवली नाही.

जाताना ती मला म्हणाली, "तुम्ही सगळं नीट केलंत, टीचर. फक्त त्यांना विचारायचं राहिलं."

त्यानंतरचे पाच आठवडे मी सुखाचे म्हणते आणि कुणी त्यावर भुवया उंचावल्या तरी माझी हरकत नाही. आबा दिवसाकाठी एखादा लूम पकडायचे. शिफ्ट बदलताना कामगार खिडकीत येऊन विचारायचे, "बाबा, आज कौन बीमार है?" त्यांतले दोघं रोज सकाळी आत येऊन आबांना उचलायला, कुशीवर वळवायला मदत करायचे, म्हणून पाठीला जखमा झाल्या नाहीत. कसं वळवायचं ते सिस्टरने त्यांना शिकवलं होतं. शेठच्या घरून गाळलेली पेज यायची. सासूबाई आधी ती झाकून बाजूला ठेवायच्या, मग एकदा चाखली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर घालते बाई." पुढे त्यांचं आणि शेठच्या बायकोचं मिठावरून येता-जाता बोलणं सुरू झालं.

आबा एका बुधवारी गेले, सकाळी अकराच्या सुमारास. श्वास लांब लांब पडायला लागतील आणि तसं झालं तर घाबरून धावपळ करू नका, हे सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं. त्या सकाळी तसंच झालं, म्हणून मी शाळेत निरोप पाठवला आणि बसून राहिले. दहाची गोळी सासूबाईंनी वेळेवर दिली होती. आम्ही दोघी दोन बाजूंना, नवरा पायांशी. पलीकडे चारही लूम चालू. एक श्वास आला, पुढचा आला नाही.

सासूबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग मला विचारलं, "वरडले न्हायत ना ग?"

"नाही, आई."

"कण्हले पण न्हायत."

"नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. माझाही सुटला. डोक्यावरचा हंडा खाली ठेवल्यासारखं झालं. रडू नंतर आलं, आधी सुटका आली. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मी सांगायला गेले तेव्हा शेठने स्वतः एकेक लूम बंद केला. तीन नंबरला हात शेवटी घातला.

पुढच्या मंगळवारी सिस्टरची गाडी परत आली. उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या असतात, त्या तिने मोजून घेतल्या. त्यानंतरच्या मंगळवारीही ती आली. सासूबाई चक्रावल्या. "आता कोण आजारी हाय?"

"कुणी नाही. तुम्हाला बघायला आले. झोप लागते का?"

सासूबाईंनी अर्धा तास तिला खारबावच्या दिरापासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

वर्षभराने शेठ दारात उभे राहिले. त्यांची आई टेमघरला धाकट्या मुलाकडे होती, तिला पोटाचा कॅन्सर निघाला होता. "टीचर, ती बाई आमच्याकडे येईल का?"

"येईल. मंगळवारी."

मी शाळेमुळे जाऊ शकले नाही, सासूबाई गेल्या. घराबाहेरच्या कामात मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी परत आल्या, पाय धुतले आणि मला अहवाल दिला. त्या घरच्यांनी गोळ्या कपाटात कुलूपबंद करून ठेवल्या होत्या, जास्त दुखेल तेव्हासाठी. "मी कुलूप उघडायला लावलं. म्हातारीला विचारलं, तुला काय पायजे? ती म्हणाली, खिडकीपाशी खाट. कुणी विचारलंच नव्हतं तिला."

"मग?"

"मग काय, खाट हलवली. सून घाबरलेली, म्हणते गोळ्यांनी काही होईल का? मी सांगितलं, घड्याळ बघ आन दे. वाट बघत बसू नको."

त्यांनी चहाचा कप उचलला आणि पुढचं वाक्य, मुलगा पहिल्या नंबराने पास झाल्याचं सांगावं तशा आवाजात म्हटलं.

"मी बोलले तिला, आमचे वरडले न्हायत."