मामांचं विरजण

शनिवार पेठेतल्या आमच्या मामांनी एका बाटलीच्या जोरावर शेकडो जिवंत माणसांची राख केली. अख्खी आळी त्यांना मामा म्हणे. भाचा मात्र कुणीच कबूल होत नसे. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकून ते भर दुपारी स्वतः काढलेल्या फोटोंची फिल्म धूत आणि वापरलेला डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं औषध, पुन्हा त्याच तपकिरी बाटलीत ओतत. कमी पडला तर चमचाभर ताजा घालत, पण जुना टाकत नसत. "घरातलं विरजण कुणी फेकतं का? हेही तसंच. मुरतं."

मुरता मुरता ते औषध कधीच मेलं होतं. मामांच्या फोटोत चुनेवाला आणि कोळसेवाला सख्खे भाऊ दिसत. खडकवासल्याच्या फोटोत धरण कुठलं आणि मामी कुठल्या, यावर आळीत पैजा लागल्या. मी एकदा म्हटलं, "मामा, औषध थकलंय." ते म्हणाले, "औषध ठणठणीत आहे. तुम्हीच जन्मतः फिके."

फिल्म औषधात ठेवायची वेळ ते रामरक्षा म्हणून मोजत. औषध मंदावलं तशी एकीच्या दोन आणि दोनाच्या तीन रामरक्षा झाल्या. रामाने तरी किती जणांना तारावं?

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा मामांनी परस्पर जाहीर केलं, "फोटो मी काढणार." त्यांना नाही म्हणण्यापेक्षा लग्न मोडणं सोपं होतं. ताई डोळे पुसत म्हणाली, "जन्मात एकदा नटणार, आणि मागे राहणार ती राख." मामी शेजारी बसून गवार मोडत होत्या.

लग्नात मामांनी कॅमेरा माझ्या हाती एकदाच दिला, लाडू घ्यायला. दोन्ही हातांत लाडू धरून ते "अंगठा आवर, गाढवा," म्हणत असतानाच मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुताना पहिली रामरक्षा संपते न संपते तोच मामींनी दार ठोठावलं.

"अहो, नवरदेवाच्या काकांना आंघोळ करायचीय."

"अजून दोनदा व्हायचीय."

"त्यांना स्वारगेटहून गाडी गाठायचीय. रामाला सांगा, व्याह्यांकडचे खोळंबलेत."

मामांनी चडफडत फिल्म औषधातून काढून ती पक्की करायच्या हायपोत बुडवली आणि दार उघडलं.

फोटो असे आले की ताईच्या शालूची जर मोजून घ्यावी. मामा ती बाटली बगलेत मारून दारोदार हिंडले. "पाहिलंत? मुरलं." पुढे मरेपर्यंत आळीला ते ऐकावं लागलं.

मामा गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधला. घरात होते त्या सगळ्यांत मामा कुठले आणि भिंत कुठली, कळेना. शेवटी मी लाडवांचा फोटो नेऊन दिला. मामी तो पदराने पुसत म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीच बाटली मोरीत ओतली होती मी. पुडीच्या कागदावर वाचून नवं औषध कालवून भरलं. किती मिनिटांत फिल्म बाहेर काढायची, तेही त्यात लिहिलं होतं. एकच रामरक्षा होत होती."

"आणि ते काका?"

"ते सकाळीच आंघोळ करून गेले होते."

"मामांना कधी बोलला नाहीत?"

मामींनी फोटो खिळ्याला लावला. दोन्ही हातांत लाडू घेतलेले मामा ठसठशीत काळ्या मिशांखालून माझ्यावर खेकसत होते.

"कशाला?" मामी म्हणाल्या. "घरातलं विरजण कुणी फेकतं का?"