मागची शिवण

नव्या कापडाच्या खळीचा वास आला, की मला सोलापूरच्या आमच्या सोप्यातली ती दुपार आठवते. वहिनीला नववा महिना लागला होता. आधीची दोन्ही बाळं तान्हेपणीच गेलेली, त्यामुळे घरात कुणी बाळाचं नावही काढत नव्हतं. बाळ होण्याआधी त्याचं काही शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण नुसतं बेतून ठेवायला काय हरकत, असं म्हणत आईनं शेजारच्या मागावरचं तांबड्या चौकड्यांचं कापड कुंचीसाठी अंथरलं. एरवी चिंधी वाया गेलेली तिला खपायची नाही. तरी डोक्यामागच्या जोडावर चौकडीला चौकडी भिडावी म्हणून तिनं बेत वर सरकवला. खाली चांगली वीतभर पट्टी फुकट जाणार होती. वहिनी हळूच म्हणाली, “राहू द्या की आत्याबाई. न्हाई जुळलं तरी चालतंय. मागचं कुणाला दिसतंय?” आई उसळलीच, “चालतंय कसं? तू पोर खांद्यावर घिऊन निघालीस, की मागनं येणाऱ्याला हीच शिवण दिसणार की!” मग वहिनीच पुढं सरकली, रेघेवर रेघ बसवली आणि कापड दोन्ही हातांनी दाबून धरलं. आईनं कात्री चालवली. कुंची शिवली ती बारशाच्या आदल्या दिवशी. पुढं वहिनी पोरीला खांद्यावर टाकून बाजाराला निघाली, की मी मुद्दाम मागं राहायची. ती शिवण शोधूनही सापडायची नाही. आता सुईत दोरा ओवायला मला नातीला हाक मारावी लागते, पण रस्त्यात कुणाच्या खांद्यावर कुंची दिसली, की मी अजून मागं रेंगाळते.