उजव्या हाताचं घर

“उजव्या हातालाच होतं,” ताई पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी काठी रस्त्यावर आपटली, जणू चूक रस्त्याचीच होती.

सकाळपासून हे वाक्य ऐकून माझे कान किटले होते. त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला. त्याला साडीची पिन लावून मी पाय फरफटत चालले होते. मनात देवाचं नाव चालू होतं, पण खरं सांगायचं तर ते भक्तीने नव्हतं. तोंडातून वाकडा शब्द जाऊ नये म्हणून होतं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद, माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. मिस्टर दुसऱ्या आईचे, ताई पहिल्या आईच्या. पहिली आई तापाने गेली तेव्हा ताई इतक्या लहान होत्या की त्यांना तिचं लुगडं आठवतं, पण ते कुठल्या रंगाचं ते आठवत नाही. बाबांनी मग ते घर सोडलं, ताईंना घेऊन शहरात आले, पुढे दुसरं लग्न केलं आणि त्या घराचा विषय पुन्हा कधी काढला नाही. फोटो नाही, काही नाही. ताईंना ठाऊक होतं ते एवढंच: बाजाराच्या गावाहून जुन्या हमरस्त्याने घरी यायचं. गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद आला की त्याच्या पलीकडे रस्त्याखाली उतरण, आणि उतरणीच्या तळाशी एकटं घर. रस्त्यावरून त्याचं नुसतं छप्पर दिसायचं. उजव्या हाताला.

“गावाचं नाव काय हो?” मी निघण्याआधी विचारलं होतं.

“गाव कुठलं? घर होतं. घराला कुणी नावाने हाक मारतं का?”

आणि आत्ताच का? तर ताईंना काचबिंदू झाला होता. त्यांनी सगळा जन्म एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात घालवला. शाळेच्या गणवेशांचे ढीग समोर, दोरा मेणावर ओढायचा, काज कापायचं, कडेने टाका घट्ट आवळत जायचं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “एवढ्या लोकांची बटणं लावली, माझं लावायचं राहून गेलं.” इस्त्रीच्या टेबलाची कड कमरेला सारखी लागायला लागली, तेव्हा आधी त्यांनी इस्त्रीवाल्यालाच शिव्या घातल्या, टेबल सरकवतोस म्हणून. टेबल जागच्या जागीच होतं. डोळ्यांच्या कडांनी अंधार आत येत होता. आता त्यांना नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं थेंब घालून जपा. त्या दवाखान्यातून बाहेर आल्या आणि पायरीवरच म्हणाल्या, “वहिनी, ते घर मला एकदा बघायचंय. नंतर नेऊन काय उपयोग? तेव्हा मला दगड दाखवून हेच घर म्हणालीस तरी मी मान डोलावेन.”

म्हणून आम्ही दोघी इथे.

नवा रस्ता झाल्यापासून जुना हमरस्ता असाच पडून आहे. डांबराला भेगा, भेगांत गवत. नव्या रस्त्याची घरघर लांबून ऐकू येते, इकडे मात्र चिटपाखरू नाही. बाजाराच्या गावात बसमधून उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. तिथून आम्ही उजवी बाजू धरून चाललो. एका कुंपणाखालून वाकून गेलो, कुत्रं मागे लागलं, आणि पोहोचलो ते एका पंपाच्या खोलीपाशी. पुढे एक टेकडी, तीही निम्मी खणून नेलेली. तिथे ताई कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

“इथे असेल का?”

“ताई, टेकडीत घर कसं असेल?”

“मग टेकडी नंतर आली असेल.”

“आणि घराला पाय फुटले असतील,” मी म्हणाले. मग वाईट वाटलं, पण म्हणून झालं होतं.

पुढे एक पंक्चरवाला भेटला. टायरवर बसून स्वतःचीच नखं काढत होता. गिऱ्हाईक नाही म्हणून गप्पांना मोकळा. “या रस्त्यावर आता पंक्चरसुद्धा चुकून होतं, मावशी,” तो म्हणाला. ताईंनी हौद आणि उतरण सांगितली. त्याने मान हलवली. “उजव्या बाजूला? इथे माझ्या बापाने दुकान टाकलं. उजव्या बाजूला चढच आहे सगळा. उतरण कुठली?”

“तुझा बाप आला त्याआधीची गोष्ट आहे.”

“मावशी, चढाचा उतार व्हायला माझा बाप कशाला लागतो?”

ताई इतक्या चिडल्या की मला त्याची माफी मागावी लागली. त्याने आम्हाला पाणी दिलं, माझ्या चपलेला दोन टाके घालून दिले, आणि वर सांगितलं की पुढे चालून काही उपयोग नाही. ताईंनी ते ऐकलं नाही. पुढच्या वळणापर्यंत गेलो, काही नाही. मग म्हणाल्या, आपल्याकडून मागेच सुटलं असेल. तसेच बाजाराच्या गावापर्यंत परत आलो. तोवर ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. वाटेतच मिस्टरांचा फोन आला होता.

“रिक्षा करा ना,” ते म्हणाले.

“कुठून करू? गवतातून उगवते का?”

“मग ताईला समजाव.”

“तुमची बहीण आहे, तुम्ही समजवा,” म्हणून मी फोन ताईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला न लावताच बंद केला.

बाजाराच्या गावातली परतीची बस निघून गेली होती. शहराची बस आता पुढच्या फाट्यावरच मिळणार होती, म्हणजे सकाळचाच रस्ता पुन्हा तुडवायचा. मी देवाला म्हटलं, आता तूच बघ. आणि चाऱ्याचे भारे उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी पत्र्याचे डबे रचलेले, म्हणून आम्ही मागे चढलो. मागचा फळका उघडा होता. आम्ही केबिनला पाठ लावून, पाय पसरून बसलो. रस्ता आमच्या पायांपासून सुरू होऊन मागे मागे जात राहिला.

मी डोळे मिटले होते. ताईंनी माझा दंड धरला.

“वहिनी, हे बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“रस्ता. असाच जायचा. माझ्या पायाखालून निघून.”

मी ताठ बसले. “ताई, तुम्ही बाजारातून घरी कशावरून यायचात?”

“बाबांच्या सायकलवर. सांगितलं नाही का? कंदिलाच्या काचा विकायचे ते. कॅरिअरवर काचांची टोपली आणि मी. टोपली हलली की काच गेली. म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसायची.”

“बसायचात कशा?”

“कशा म्हणजे? बाबांच्या पाठीला पाठ लावून. टोपलीकडे तोंड. नाहीतर धरणार कशी?”

मला हसावं की केबिनवर डोकं आपटून घ्यावं ते कळेना. “म्हणजे उलट्या बसायचात! हे सकाळी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस?”

“आपण अख्खा दिवस चुकीच्या बाजूला—”

“उलटी कशाला?” त्या पुटपुटल्या. “मी तर सरळच बसायची.” मग त्यांनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि आळीपाळीने बघितले. जन्मभर सुई धरलेला उजवा हातच आपला नाही असं कुणीतरी सांगितल्यासारख्या.

“बघ,” त्या एकदम म्हणाल्या. “मला बाजूचं दिसत नाही. तू बघ. माझ्या उजव्या हाताला.”

त्या बाजूला सकाळपासून दाट झुडपांशिवाय काही दिसलं नव्हतं. आता टेम्पोच्या उंचीवरून झुडपांच्या डोक्यावरून दिसत होतं. दगडी हौदाची एक कड दिसली, आत माती भरून गवत माजलेलं. हौदाच्या लगेच पलीकडे जमीन खाली गेली होती, आणि खाली एक छप्पर. मी केबिनवर हात आपटून ओरडले.

टेम्पोवाला आम्हाला उतरवून निघून गेला. झुडपांतून वाट काढली. उतरणीच्या तोंडाशी तारेचं कुंपण होतं, फाटकाला कुलूप. आसपास हाक मारायला माणूस नाही. खाली एक खोली, अर्ध्या छपरावर पत्रा, अर्ध्यावर कौलं, दारात शेतीच्या पाइपांचा ढीग. मला ते एका नजरेत दिसलं. खरं सांगते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

ताई तारेला धरून उभ्या होत्या. मान इकडे तिकडे हलवत होत्या.

“दिसलं का?”

“छपराचा कोपरा दिसतोय. आता हरवला. आता भिंत आली. भिंत बघायला जाते तर छप्पर जातं.” त्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिल्या. मग तार सोडून दिली. “एवढं चालून काय मिळालं? चिंध्या. अख्खं घर एकदम दिसतच नाही मला.”

“थोडं मागून बघा.”

“मागून झुडपं आहेत. तुला दिसत नाहीत का?” त्या माझ्यावर खेकसल्या. मीही खेकसले, की बस चुकेल, की डोळे माझे नाहीत, की मी काही घर उचलून रस्त्यावर आणून ठेवू शकत नाही. त्यांच्या ब्लाउजच्या बाहीला कुंपणाची तार लागून चीर गेली होती. त्या बोटाने ती चाचपत राहिल्या.

रस्त्यावर परत आलो. ऊन आता तांबूस झालं होतं. रिकामा रस्ता बाजाराच्या दिशेने सरळ लांब गेला होता. ताई तिकडे बघत राहिल्या.

“बाजाराला जातानाही मी तशीच बसायची ना,” त्या म्हणाल्या. “म्हणजे जाताना तोंड घराकडे. आई इथे येऊन उभी राहायची, हौदाला टेकून. तिचा चेहरा मला आठवत नाही वहिनी, कितीही केलं तरी. लहान लहान होत जायची, ते आठवतं. ठिपका होईपर्यंत उभी असायची.”

मी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

“जवळचं मला तुकड्यातुकड्यांनी दिसतं,” त्या म्हणाल्या. “लांब उभं असलेलं माणूस मात्र अजून अख्खं दिसतं.”

“ताई, बस—”

“बस चुकली तर चुकली. माझं एक ऐक. नाही म्हणू नकोस.” त्यांनी माझे खांदे धरून मला हौदाशी नेलं, पुढची झुडपं काठीने आडवी केली, हाताने कड चाचपली आणि मला तिला टेकवून उभं केलं. “मी इथून मागे मागे चालत जाते. पडणार नाही, रस्ता मोकळा आहे. तू नुसती उभी राहा. हाक मारू नकोस, हात हलवू नकोस, आई हलवायची नाही. आणि मी कितीही लांब गेले तरी तू आधी वळू नकोस.”