शिकवायचं नसलेलं गाव

पीएच.डी.चं खूळ माझ्या डोक्यात कुणी भरलं, ते आता नक्की आठवत नाही. मी गोंदियातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, कुडव्यात राहते, चाळिशी कधीच ओलांडली. सलाईन लावायला सांगा, कसलीही शीर शोधून देते. पण संशोधन म्हटलं की पहिल्या दिवसापासून माझी मती गुंग.

विषय तसा साधा होता. बाळाची नाळ. तिला तेल, हळद, राख काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, आपोआप गळू द्यायची. गरोदर बाईला हे आधी शिकवलं तर बाळंतपणानंतर ती तसं करते का, एवढंच पाहायचं. त्यासाठी दोन गट. कामठ्याकडच्या दोन गावांत शिकवायचं. देवरीकडच्या दोन गावांत शिकवायचं नाही, नुसतं जाऊन विचारायचं. मग तुलना. माहिती गोळा झाली की देवरीकडेही शिकवीन, असं मी लिहून दिलं होतं. माझ्या गाईड मॅडम फोनवर सारख्या बजावायच्या, "अंतर ठेवा हं. इकडचं तिकडे पोचलं की संपलं सगळं." म्हणून तर मी एवढं लांब देवरी निवडलं. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

पण न शिकवणं किती कठीण असतं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. देवरीकडच्या पहिल्या फेरीत एका म्हातारीने माझ्यासमोर नातवाच्या बेंबीवर हळद-तेल थापलं आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. नाळ लाल झाली, पू आला, तर लगेच दवाखान्यात पाठवायचं, तेवढीच मला मुभा. यातलं काही नव्हतं. मी ओठ मिटून रकान्यात खूण केली. परतीच्या बसमध्ये स्वतःचाच असा संताप आला! मी नर्स आहे की कारकून, काही कळेना.

तिकडे कामठ्याकडे वेगळीच कटकट. शिकवलेल्या बायका बाळंतपणानंतर घरी सापडेनात. दाराला कुलूप नाही, सासू अंगणात बसलेली, पण सून नाही. मी वैतागून फॉर्मवर ‘उपलब्ध नाही’ लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. कुठे गेली, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

मग देवरीकडची दुसरी फेरी. पहिल्या घरी विचारलं, नाळेला काय लावलं? "काहीच नाही म्याडम. कोरडी ठेवली." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरची बाई तर म्हणाली, "लंगोट नाळेच्या खाली बांधाचा, वरतं नाही." हे वाक्य माझं होतं! शब्द न् शब्द माझा. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या गावात मी चकार शब्द काढला नव्हता, तिथे माझाच धडा मला कोण ऐकवतंय?

माझा राग निघाला गावच्या आशाताईवर. तीच मला घरोघरी नेत होती. भर रस्त्यात तिला म्हटलं, "तू शिकवलंस ना यांना? दोन वर्षांची मेहनत गेली माझी!"

ती काय ऐकून घेते! "मी कायले शिकवीन? तुमीच त म्हनलं होतं, मी शिकवाच्या आधी काही सांगू नोको. माह्यावर काऊन बिघडता?" आणि माझा हात धरून तिने मला तिथल्याच एका घरात नेलं.

ओसरीत एक पोरगी दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून हसली. मी ओळखलं. कामठ्याची! मी शिकवलेल्या गटातली, ‘उपलब्ध नाही’ मधली.

"तू इथे काय करतेस?"

"मायकी आली ना म्याडम बाळंतपनाले."

आशाताई दारातूनच म्हणाली, "पयलं बाळंतपन मायकीच होते. तुमचं कोठी झालतं?"

माझं माझ्या आईकडेच झालं होतं. सहा महिने राहिले होते मी तिथे. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्या मला, सोयरिकी नकाशा पाहून होत नाहीत, हे आठवलं नाही. हसावं की रडावं, खरंच समजत नव्हतं. माझं शिकवणं इतकं लागू पडलं होतं की ते सिद्ध करायला न शिकवलेलं गावच उरत नव्हतं. निदान हे एक गाव तरी हातातून गेलं होतं. देवरीकडच्या दुसऱ्या गावची फेरी पंधरा दिवसांनी होती. ते शाबूत राहिलं, तर गाईड मॅडमच्या पाया पडून काहीतरी मार्ग निघाला असता.

पोरगी बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. तिने त्याच दुसऱ्या गावाचं नाव घेतलं. "तिकडंच जाऊन राहिली मी. मामेबहीन परवाच बाळंतीन झाली. बुढी हळद-तेल लावून राहिली म्हनते. जाऊन सांगतो सारं."

मी तिच्यासमोर खाटेवर बसले, फाइल छातीशी धरली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "हे बघ बाई, माझं एक काम कर. भेटायला जा, पण नाळेचं काही बोलू नकोस. फक्त पंधरा दिवस."

तिला काही उमगेना. मस्करी चाललीय का, अशा नजरेने तिने आधी आशाताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पंधरा दिवसांत त नाळ पडूनच जाते ना म्याडम," ती म्हणाली. "मंग सांगू काय?"