वस्तादांनी हातात दिलेला डबा

गॅरेजवाल्या वस्तादांची एक सवय अख्ख्या जळोचीला ठाऊक होती. गाडीचा कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट ते गिऱ्हाइकाच्या हातात देत. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून, पेढ्यांचा पुडा द्यावा तसा. "घरी न्या ताई. आमी काय काढलं ते तुमच्या डोळ्यांनी बघा." असल्या माणसावर संशय कोण घेणार? आमच्या मोरीजवळच्या फळीवर झिजलेले ब्रेक, तुटक्या केबली, काळे पडलेले प्लग असा सगळा संसार मांडलेला होता. आई कावायची, पण मी एकही टाकू दिला नाही.

गाडी तात्यांची, माझ्या वडिलांची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली छोटी गाडी. ती वस्तादांखेरीज कुणाच्या हाती गेलीच नाही. तात्या रविवारी उगाचच गॅरेजवर जाऊन बसत. दोघांचं काय गूळपीठ होतं देव जाणे. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला बजावलं होतं, गाडी विकू नको आणि वस्तादाशिवाय कुणाला दाखवू नको. तेराव्याला वस्ताद आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडीची काळजी माझ्यावर सोडा." मी सोडली.

गाडी तपासायची त्यांची तऱ्हाही न्यारी. सायलेन्सरच्या तोंडाशी ओलं फडकं दाबून धरायचं काम माझं, आणि ते स्वतः गाडीखाली. मागची वाट बंद झाली की धूर भोक असेल तिथून फुसफुसतो. "ऐका, हितं सुस्कारा टाकतीया बघा," ते खालून सांगत. मला त्याची भारी गंमत वाटायची. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाईंना मी हे रंगवून सांगत असे.

मग एकदा गाडी खालून खुळखुळायला लागली. वस्ताद म्हणाले, सायलेन्सरच्या पाइपातला मधला डबा आतून सडलाय, बदलावा लागेल. ते काम करत होते तेव्हा मी समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी मागवलेला चहा पीत होते. खुळखुळ थांबली, जुना डबा पुडक्यात घालून माझ्या हातात आला, आणि मी खुशीत घरी गेले.

महिनाभरात गाडी गुरगुरायला लागली. मी भवानीनगरजवळच्या शाळेत शिकवते. माझी गाडी वळणावर आली की शिपाई फाटक उघडून उभा, इतका तो आवाज. वस्ताद वेल्डिंगचा डाग मारून देत, थोडे दिवस बरे जात, पुन्हा तेच. "म्हातारी झाली ताई, खोकणारच," म्हणत आणि मीही हसे. मागच्या सीटवर आईला मळमळायचं, डोकं धरायचं. गाडीत धूर येतोय का, असं विचारलं तर म्हणाले, काचा खाली घेऊन बसवा त्यांना. आईला ते 'माय' म्हणायचे, बरं का!

शेवटी शाळेतून येताना पाइपच निसटून रस्त्यावर घासायला लागला. नाइलाजानं कोपऱ्यावरच्या सलीमभाईंच्या गॅरेजात शिरले. त्यांनी गाडी वर उचलली, बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं. मधला डबाच नव्हता. धूर साफ करणारा, आत जाळी असलेला तो डबा कापून त्या जागी साधा नळीचा तुकडा जोडलेला, आणि प्रत्येक जोडातून धूर गळत होता. सलीमभाई म्हणाले, त्या जाळीत किमती धातू असतो, म्हणून काही जण काढून विकतात.

मी त्यांच्याशी भांडले. आमचे वस्ताद असले नाहीत, जुना डबा माझ्या घरी आहे, उद्या आणून दाखवते. आणलाही, पुडकं न सोडता तसाच. सलीमभाईंनी सुतळी सोडली आणि डबा पाइपाला लावून बघितला. डब्याचं तोंड माझ्या पाइपाच्या जवळजवळ दुप्पट.

"मॅडम, हा जीपचा हाय," ते हळूच म्हणाले. "तुमच्या गाडीचा न्हाय."

दुसऱ्याचं भंगार सुतळी बांधून, दोन्ही हातांनी, हसत माझ्या हाती दिलं होतं त्या माणसानं! नुसती चोरी केली असती तर एक वेळ सोसलं असतं. पण धूर आईच्या नाकातोंडात जातोय हे कळूनही तो मला काचा खाली घ्यायला सांगत राहिला. त्या दिवसापासून माझ्या तोंडात 'ते वस्ताद' येत नाही.

सलीमभाईंनी नवा डबा बसवला, जोड नीट केले. गाडी गप्प झाली. त्याच गाडीनं मी जळोचीला गेले आणि ते पुडकं पुन्हा बांधून वस्तादापुढच्या फळकुटावर ठेवलं. त्यानं ते उघडलं नाही. हात पुसत वाकून गाडीखाली नजर टाकली. मला वाटलं, आता हात जोडेल, काहीतरी अडचण सांगेल. माफ करायचीही माझी तयारी होती, खोटं कशाला बोलू?

त्यानं मान वर केली. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"ताई, तुमी गाडी दुसऱ्याला दाखवली?" तो म्हणाला. "तात्यांनी कधी दाखवली नसती."