सगळ्या ओळी दीदींच्या

दीदी कुणाच्याही टेबलाशी आल्या की लगेच बोलत नसत. आधी तुमचा माऊस सरळ करत, मग कीबोर्ड टेबलाच्या कडेला नीट लावत, मग गळ्यात उलटं झालेलं ओळखपत्र सुलटं करत. तुम्ही बोलायला तोंड उघडलंत की म्हणत, “आधी सरळ कर, मग बोल.” हे खरं तर स्क्रीनवरच्या प्रोग्रामबद्दल असायचं. पण एकदा त्यांनी चालता चालता मॅनेजर साहेबांची कॉलर नीट केलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. साहेब थँक्यू म्हणाले.

आमचं ऑफिस जबलपूरचं. “जबलपुरात सॉफ्टवेअर?” असं पुण्याचे नातेवाईक विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. हो, जबलपुरात! बँका, दवाखाने ज्यात आपली माहिती साठवतात, अशा एका अवाढव्य डेटाबेसचा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. वर्षानुवर्षं शेकडो लोकांनी तो लिहिला आणि प्रत्येकानं आपल्या तऱ्हेनं लिहिला. कुणी ओळीच्या सुरुवातीला चार जागा सोडायचं, कुणी दोन. आमचे एक भैया तीन सोडायचे. तीनच काहून, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. “हमारे यहाँ तीन ही चलता है,” म्हणायचे, जसं काही घराण्यात चालत आलंय. प्रोग्राम चालायला यानं काडीचा फरक पडत नाही, वाचणाऱ्याचं मात्र डोकं उठतं.

आणि वाचणाऱ्या होत्या दीदी. आम्ही लिहायचं, त्यांनी तपासायचं, चुका दाखवून परत पाठवायचं, आम्ही सुधारायचं. “करतो उद्या,” म्हटलं की त्या खुर्ची ओढून शेजारीच बसत. “उद्या नाही. आत्ता.” मग माणूस मुकाट्यानं करायचा, कारण त्या उठायच्याच नाहीत. मी पक्का आळशी. माझी निम्मी नोकरी तर त्यांनी शेजारी बसूनच करून घेतली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की तिला शेवटचा हात कुणी लावला त्याचं नाव शेजारी दिसतं. चूक दीदींनी पकडलेली असली तरी ओळ सुधारायचो आम्ही, म्हणून नाव आमचंच लागायचं. इतकी वर्षं दीदींनी सगळं वाचलं, पण त्यांचं नाव शोधूनही सापडलं नसतं.

याचं त्यांना काही वाटत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ते कळलं रांझीला, जबलपूरच्याच एका उपनगरात, दीदींच्या घरी. दीदींचं आणि आमचं अशी दोन्ही घरं मुळात विदर्भातली, त्यामुळे त्यांच्या वडिलांकडे माझं जाणं-येणं होतं. बाबा फॅक्टरीत तपासनीस होते. बनवणारे वेगळे, बाबा तपासायचे आणि पास झालेल्या प्रत्येक नगावर आपला ठप्पा मारायचे. रिटायर होऊन जमाना झाला तरी ठप्पा डोक्यातून गेला नव्हता. मी गेलो की पहिला प्रश्न तोच.

“काय गा, आमच्या पोरीचा ठप्पा कुठं लागते?”

“बाबा, आमच्यात ठप्पा नसते,” दीदी आतून ओरडायच्या.

“ठप्पा नाही? मग नोकरी कच्ची आहे का तुझी?”

मी पोट धरून हसायचो. दीदी चहा घेऊन यायच्या, कप एका रांगेत मांडायच्या आणि रांग सरळ असली तरी परत एकदा सरळ करायच्या. ठप्प्याचं त्यांनाही लागतं, हे एकदा त्यावरून माझ्या ध्यानात आलं आणि मी हसायचा थांबलो.

मग दीदींनी फॉर्मॅटर आणायचा घाट घातला. फॉर्मॅटर म्हणजे असा प्रोग्राम, जो इतरांनी लिहिलेले प्रोग्राम एका ठरावीक पद्धतीनं आपोआप मांडून देतो. एकदा बटण दाबलं की सगळ्या ओळी शिस्तीत. पण पद्धत कुणाची? त्यावर ज्या मीटिंगा झाल्या, काय सांगू! कंस त्याच ओळीवर की खालच्या ओळीवर, यावरून दोन शहाणीसुरती माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. तीन जागांवाले भैया तर “हमारी पहचान मिटाई जा रही है” इथपर्यंत गेले. मीही मागे नव्हतो. मला बरोबरच्या (=) खुणा एकाखाली एक मांडायची हौस.

“दीदी, माझ्या खुणा तेवढ्या राहू द्या ना.”

“काहून? दागिने आहेत का?”

शेवटी जी पद्धत ठरली ती एकालाही आवडली नाही. दीदी खुशीत म्हणाल्या, “कोणालेच नाही आवडली ना? चलो, मग भांडण मिटलं.”

खरी अडचण पुढेच होती. फॉर्मॅटर सगळ्या प्रोग्रामवरून फिरत असताना कुणीही मध्येच काही बदलायचं नव्हतं, नाहीतर जुनं-नवं एकमेकांत असं अडकलं असतं की सोडवता नाकी नऊ. दीदींनी दोनदा दिवस ठरवला आणि दोन्ही वेळा कुणीतरी “बस दो मिनट, दीदी” म्हणत घोळ घातला. एकदा तो कुणीतरी मीच होतो, जाऊ द्या.

तिसऱ्या वेळी, शुक्रवारी दुपारी, दीदी कमानिया गेटकडून खोव्याच्या जलेबीचा मोठा डबा घेऊन आल्या. गरम, काळीभोर, पाकानं निथळणारी जलेबी. “आज माझ्याकडून. चमचा नाही, हातानंच खायची.” ऑफिस तुटून पडलं! दोन मिनिटांत प्रत्येकाच्या मनगटापर्यंत पाक आला. कागदी रुमाल घ्यायला गेलो तर रुमालांचा डबाच गायब. एक नळ, त्याच्यापुढे अख्खं ऑफिस रांगेत, हात हवेत धरून. भैया ओरडले, “दीदी, मेरा एक काम बाकी है!” दीदी म्हणाल्या, “हात दिखाओ.” भैयांनी हात दाखवले आणि परत रांगेत शिरले.

अख्ख्या ऑफिसात कोरडे हात दीदींचेच होते. त्यांनी शांतपणे बटण दाबलं. आम्ही हात धुऊन येईपर्यंत सगळ्या ओळी सरळ झाल्या होत्या.

सोमवारी गंमत सुरू झाली. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, शेवटचा हात कुणाचा? दीदींचा! दुनियेतल्या सगळ्या चुका त्यांच्या नावावर. हा प्रोग्राम नुसता वापरणाऱ्या इतर शहरांतल्या ऑफिसांतून फोन येऊ लागले, “मॅडम, ये आपने क्या लिख दिया?” दीदी बिचाऱ्या प्रत्येकाला समजावत, “भैया, मैंने सिर्फ़ खाली जगह हिलाई है.” एका जुन्या, महाभयंकर चुकीबद्दल साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. ती चूक खुद्द साहेबांची निघाली, त्यांच्या तरुणपणची.

यावर उपाय होता आणि तो दीदींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. अमुक बदल नाव दाखवताना धरू नका, असं एका फाइलीत लिहून ठेवायचं आणि प्रत्येकानं आपापल्या कॉम्प्युटरवर तसं सेटिंग करायचं. मग मांडणी नवी राहते, नावं मात्र जुनीच दिसतात. मी म्हटलं, “दीदी, ते काहून नाही करून राहिल्या तुम्ही? किती फोन घेसाल?”

“रविवारपर्यंत थांब,” त्या म्हणाल्या आणि माझा माऊस सरळ करू लागल्या.

मी बघतच राहिलो. ही बाई आणि थांब म्हणते?

रविवारी मी रांझीला होतो. दीदींनी लॅपटॉप उघडून बाबांपुढे ठेवला. बाबांनी चष्मा पुसला, नाव वाचलं. खालची ओळ, तेच नाव. त्याच्या खालीही तेच. दीदी पानं सरकवत गेल्या, बाबा बोट ठेवत गेले.

“एवढं सगळं तू बनवलं?”

हो म्हणाल्या असत्या तर मी काही तोंड उघडणार नव्हतो. पण दीदी म्हणाल्या, “नाही बाबा. बनवलं सगळ्यांनी. सरळ मी केलं.”

“मग बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “मी बी कुठं काही बनवलं? पास मी करत होतो.” आणि मोठ्यानं आत दीदींच्या आईला हाक दिली, “अगं, पाह्य, लागला पोरीचा ठप्पा!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला कशाला लाजू?

दुसऱ्या दिवशी दीदींनी ती फाइल टाकली. मला राहवलं नाही. म्हटलं, “राहू द्या ना दीदी अजून थोडे दिवस.” तर म्हणाल्या, “अरे, उद्या काही बिघडलं तर लोक कोणाला विचारतीन? ज्यानं लिहिलं त्याचंच नाव दिसलं पाहिजे.” मग एकेका टेबलाशी उभं राहून त्यांनी सेटिंग करून घेतलं. जिथं तिथं त्यांचं नाव मिटत गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मी करतो, दीदी. मराठी माणसावर भरोसा ठेवा.”

दीदी रिटायर होऊन आता नागपूरला मुलीकडे असतात. फॉर्मॅटर आपोआप चालतो; कंसावरून कुणी भांडत नाही, आणि नव्या पोरांना तर कधी भांडण होतं हेच ठाऊक नाही. माझ्या मागं उभी राहून माझ्या स्क्रीनकडे बघत एक नवी मुलगी परवा म्हणाली, “सर, आपके यहाँ हर लाइन पर ये किसका नाम आता है? हमारे यहाँ तो नहीं आता.” मी तिला दीदींची सगळी गोष्ट सांगितली, जलेबीसकट.

दीदींचा फोन येतो अधूनमधून. बाबांची तब्येत, भैयांची खबर, मग हळूच, “ते सेटिंग सगळ्यांनी केलं ना?”

“हो दीदी, सगळ्यांनी.”

“आणि तू?”

“करतो ना. उद्या करतो.”

मी फोन कानाशी गच्च धरून बसतो, आता बोलणी ऐकावी लागणार म्हणून. मागच्या खेपेला मात्र दीदी म्हणाल्या, “अच्छा. कर आरामात. घाई नाही.”